चादरीचं दुसरं टोक

“मग पुसू का, आक्का?”

 आक्कांनी हातातली हिरवी चादर झटकली.

“आक्का, लॉग पुसून टाकू का? डिस्कवर फार तर दोन तासांची जागा उरलीय. मग सगळंच बंद पडेल.”

“कुणी लिहिलाय तो?”

“कोण लिहिणार? सर्व्हरनं.”

“मग मला काय विचारतोस? त्याला विचार की.”

अभिनंदन चौगुलेनं सुस्कारा सोडला. आक्कांना ऐकू जावा इतका तो मोठा होता. आक्कांचे डोळे अधू झाले होते, कान नव्हते.

टेकडीवरच्या त्या आश्रमात डोळ्यांचं इस्पितळ होतं. वर्षातून तीनदा शिबिर भरायचं. वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं आश्रमाच्या जीपमधून यायची, मोतीबिंदू काढून घ्यायची आणि परत जाताना खिडकीतून एकमेकांना झाडं दाखवत जायची. आज त्याच शिबिराचा दिवस होता. सत्तर माणसं डोळ्यांत औषध घालून घ्यायला तयार बसली होती आणि डॉक्टर दुपारी दोनला सुरुवात करणार होते.

आक्कांचं कागदावरचं नाव गौरव्वा हुक्केरी, पण ते कागदावरच राहिलं होतं. गडहिंग्लजच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी उभा जन्म काढला आणि निवृत्तीनंतर त्या आश्रमात आल्या. पुढे केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं तेव्हा सगळे एकेक पाऊल मागे सरकले. आक्का तेवढ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून सर्व्हर त्यांच्या गळ्यात पडला. त्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची. पुस्तकं आणून, चुका करून त्या सगळं शिकल्या होत्या, आणि त्या चुकांबद्दल त्या इतक्या मोकळेपणानं बोलायच्या की ऐकणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हायचं.

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांच्या इस्पितळात राहून डोळे करून न घेतलेलं हे एकच माणूस! दर शिबिराला डॉक्टर त्यांच्या मापाची एक लेन्स बाजूला काढून ठेवायचे आणि शिबिर उरकलं की मुकाट्यानं कपाटात परत ठेवायचे.

“सर्व्हर कुणाच्या जिवावर सोडून येऊ?” असं आक्का म्हणायच्या, आणि विषय तिथंच संपायचा.

म्हणून तर अभिनंदनला नेमलं होतं.

अभिनंदन पुण्याच्या एका कंपनीतून आला होता. हुशार होता, यात वाद नाही. वाद असा की हे त्याला फारच चांगलं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तो सर्व्हरकडे बघून म्हणाला, “हा अजून चालतो?” दुसऱ्या दिवशी त्यानं किल्ली मागितली.

आक्का म्हणाल्या, “अजून नाही.”

त्याला चार आठवडे होऊन गेले. दर आठवड्याला तो किल्ली मागायचा आणि आक्का तेच दोन शब्द परत करायच्या. सर्व्हरवरचं काम तो आपल्या टेबलावरूनच करायचा, त्याला अडत काहीच नव्हतं. पण किल्ली ती किल्ली. ती मिळाल्याशिवाय आपण इथले कुणी झालो असं त्याला वाटत नव्हतं.

आणि आता हा लॉग.

डेटाबेसमध्ये काहीही बदलायचं झालं की सर्व्हर आधी ते लॉग नावाच्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. मधेच वीज गेली, काही बिघडलं, तर त्यावरून त्याला सगळं सावरता येतं. काम पुरं झालं की तो जुनं लिखाण आपणहून मोकळं करतो आणि त्याच जागेत नवं लिहितो. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. पण सोमवारपासून फाईल फुगायला लागली आणि आज बुधवार उजाडला तरी थांबायचं नाव घेईना. डोळ्यांचे फोटोसुद्धा डेटाबेसमध्येच जात असल्यानं ती दर तासाला चांगली अंगानं भरत होती.

अभिनंदननं फाईल आकसून लहान करायची आज्ञा सोमवारी संध्याकाळी दिली, मंगळवारी दोनदा दिली, आज सकाळपासून तीनदा देऊन झाली. फाईल ढिम्म हलत नव्हती.

“आक्का, नीट ऐका,” तो म्हणाला. “जुना सर्व्हर आहे. असं होतंच. लॉगची फाईल उडवायची, नवी कोरी बनवायची, दहा मिनिटांचं काम.”

“आणि डेटाबेस उघडलाच नाही तर?”

“उघडेल.”

“नाही उघडला तर?”

“तर... रविवारची प्रत आहे.”

“रविवारची.” आक्कांनी चादरीच्या कडा जुळवल्या. “मापं कधी घेतली?”

 मापं सोमवारी आणि मंगळवारी घेतली होती. कुणाच्या कुठल्या डोळ्यात कितीची लेन्स बसवायची, ते सगळं त्या मापांत होतं. मापं घेणारा माणूस आपलं यंत्र घेऊन सकाळीच पुढच्या गावाला गेला होता. रविवारच्या प्रतीत ही मापं असणं शक्य नव्हतं. ती गेली तर सत्तर माणसांना जीपमध्ये बसवून जशीच्या तशी घरी पाठवायचं, आणि पुढचं शिबिर चार महिन्यांनी.

काहीच न करावं तरी गत तीच होती. टेबलावरच्या माणसाचा डोळा कुठला, लेन्स कुठली, याची नोंद कॉम्प्युटरवर झाल्याशिवाय डॉक्टर हत्याराला हात लावत नसत. लॉग काठोकाठ भरला की एक नोंद होणार नव्हती.



“मग काय करू?” त्याचा आवाज जरा उतरला होता.

“हे टोक धर.”

“काय?”

“चादर. एकटीला घडी जमत नाही मोठ्या चादरीची. धर.”

आश्रमात प्रत्येकाच्या वाट्याला हातानं करायचं एखादं काम असायचं. आक्कांकडे ऑपरेशनच्या खोलीतल्या चादरींच्या घड्या होत्या. सर्व्हर पेटला असता तरी त्यांनी आधी घड्या घातल्या असत्या, असं अभिनंदनला त्या क्षणी वाटलं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं दोन कोपरे धरले.

आक्का चार पावलं मागे गेल्या. चादर दोघांमध्ये ताणली गेली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नोंदणीच्या खिडकीवरून फरीदा बोलत होती.

“सर, कोनवडीच्या लोकांचे केसपेपर अजून उघडत नाहीत. नुसतं गोल गोल फिरतंय. परवापासून सांगतेय मी तुम्हाला.”

“बघतो,” म्हणून अभिनंदननं आपलं टोक खुर्चीच्या पाठीवर टाकलं. “आलोच, आक्का.”

आणि तो गेला.

नोंदणीच्या खिडकीसमोर बाकावर कोनवडीची सात माणसं बसली होती. सोमवारी बसली होती तशीच, त्याच क्रमानं. त्यांची मापं घेतली होती, पण कागदच उघडेनात म्हणून फरीदानं ती चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात जपून ठेवली होती. टोकाला तानूबाई होत्या. त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं, पण चपलांच्या आवाजावरून त्या माणूस ओळखायच्या.

“आला का साहेब? आरं लेकरा, आमचं कागूद कवा उगडायचं?”

“नेट स्लो आहे, मावशी. होईल.”

“परवा बी तेच हुतं न्हवं?”

अभिनंदन थांबला नाही. त्याला तेवढा वेळ नव्हता. तो आपल्या टेबलाशी गेला आणि त्यानं फाईल लहान करायची आज्ञा सातव्यांदा दिली. फाईल हलली नाही. त्यानं दुसऱ्या डिस्कवर जागा आहे का पाहिलं. नव्हती. त्यानं पुण्यातल्या एका मित्राला फोन लावला. मित्र मीटिंगमध्ये होता.

समोर भिंतीवर त्याची दोन सर्टिफिकेटं चौकटीत लटकत होती. दोन्हींवर त्याचं नाव ठळक छापलेलं होतं. डेटाबेसची व्यवस्था या विषयात तो पारंगत असल्याचं त्यांत लिहिलं होतं.

तो परत फिरला तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता.

आक्का उभ्या होत्या.

जिथं सोडून गेला होता तिथंच. दोन्ही हात वर, चादरीचे दोन कोपरे मुठीत. त्यानं खुर्चीवर टाकलेलं टोक केव्हाच घसरून जमिनीवर आलं होतं.  शेजारच्या टोपलीत तीसेक चादरी घडीशिवाय तशाच पडल्या होत्या.

“अहो आक्का! हे काय?” तो धावलाच. “असं कशाला उभं राहायचं? ठेवून द्यायची ना खाली!”

“तू आलोच म्हणालास.”

“म्हणून काय झालं?”

“म्हणून धरून ठेवली.”

“पण... तोवर दुसऱ्या चादरी तरी...”

“हात कुठे मोकळे होते?”

अभिनंदननं घाईघाईनं आपलं टोक उचललं. त्याला राग आला होता, आणि तो कुणाचा हे समजत नव्हतं. सत्तर वर्षांची बाई पाऊण तास हात वर धरून उभी राहते, हा काय हट्ट!

“मी आलो नसतो तर?”

“तू सांगितलं होतंस ना येतो म्हणून.” आक्कांनी दोन पावलं पुढे येऊन आपले कोपरे त्याच्या कोपऱ्यांना मिळवले. “येत नाही म्हणाला असतास, तर तेव्हाच ठेवली असती.”



आक्कांनी दंड चोळले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “एक्सचेंजमध्ये काय व्हायचं, सांगू? एखादी नवी पोरगी दोन गावांची लाइन जोडायची, कुणी हाक मारली की पिन तशीच ठेवून उठायची. लाइनवर बोलत कुणीच नाही. पण ती तार अडलेली. गावातली माणसं ओरडतायत, साहेब ओरडतोय, तारा वाढवा म्हणून वर अर्ज जातायत...”

“मग?”

“मग काय. कुणाची पिन आहे, ते बघायचं.”

अभिनंदनच्या हातातली चादर तशीच राहिली...

“जा,” आक्का म्हणाल्या. “तीन दिवस उभा आहे तो सर्व्हर.”

तो टेबलाशी कसा पोचला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

कुठली फाईल किती मोठी, हे त्यानं तीन दिवस शंभरदा विचारलं होतं. तू कशासाठी थांबला आहेस, हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि गंमत अशी की सर्व्हर हे विचारताक्षणी सांगतो. त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे. परीक्षेत हा प्रश्न आला होता, अभिनंदननं बरोबर सोडवला होता, आणि त्याचे गुण भिंतीवरच्या सर्टिफिकेटात धरलेले होते.

त्यानं विचारलं.

सर्व्हरनं सांगितलं, एक काम सुरू आहे, ते संपायची वाट बघतोय.

त्यानं विचारलं, कुणाचं काम?

उत्तर आलं. सोमवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. पुढे काम सुरू करणाऱ्याचं नाव होतं.

नाव त्याचंच होतं.

तो पडद्याकडे बघत बसला. कानांच्या पाळ्या तापल्या.

सोमवारी दुपारी त्यानं गावांची यादी साफ करायला घेतली होती. यादीत एक ‘कोनवडी’ होतं आणि एक ‘कोनवडी वसाहत’. कुणीतरी निष्काळजीपणानं एकच गाव दोनदा घातलंय, असं त्यानं ठरवून टाकलं. कोनवडीच्या सगळ्या माणसांना त्यानं वसाहतीत टाकलं. पण तो सावध गडी होता. असे बदल एकदम करायचे नसतात. आधी सर्व्हरला ‘सुरू करतोय’ म्हणायचं, बदल करायचा, नजरेखालून घालायचा, आणि मग ‘पक्कं कर’ किंवा ‘मागे घे’, दोहोंतलं एक सांगायचं. ते सांगेपर्यंत सर्व्हर तेवढे कागद कुणाला उघडू देत नाही, आणि तिथून पुढचं सगळ्यांचं सगळं लिखाण लॉगमध्ये धरून ठेवतो. पुसत नाही. काय सांगाल, याचा त्याला पत्ता नसतो ना.

त्यानं ‘सुरू करतोय’ म्हटलं. बदल केला. आणि तेवढ्यात सुतार आला.

सर्टिफिकेटं टांगायला.

मग खिळा नीट बसेना, मग दुसरा खिळा, मग चौकट वाकडी, मग जेवणाची घंटा. संध्याकाळी त्यानं टेबलावरचा कॉम्प्युटर बंद केला, तो निघूनही गेला. पण त्यानं सर्व्हरवर उघडलेली खिडकी सर्व्हरवर तशीच उघडी राहिली होती.

आत्ता त्यानं ती पुढे आणली. सोमवारी सोडलेली शेवटची ओळ तशीच होती आणि तिच्या खाली कर्सर लुकलुकत होता.

मनात आलं, गुपचूप बंद करून टाकावी. कुणाला कळतंय? फरीदाला सांगायचं, नेट सुरळीत झालं. आक्कांना सांगायचं, जुना सर्व्हर, असं होतंच.

बोट कळीवर गेलंही होतं.

मग त्याला बाकावरची ती सात माणसं आठवली. तीन दिवस तो त्यांच्यासमोरून ये-जा करत होता, आणि त्यांना अडवून ठेवलं होतं ते त्यानंच. त्याला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तो उठून आक्कांकडे गेला आणि दारातच उभा राहिला.

“आक्का... पिन माझी आहे.”

आक्का चादरीवरच्या सुरकुत्या हातानं साफ करत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग ये की परत.”

एवढंच. तो बोलणी खायला आला होता. तयारीही करून आला होता.

“पक्कं करू की मागे घेऊ?”

“काय बदलत होतास?”

त्यानं सांगितलं.

“मला काय ठाऊक कोनवडीचं,” आक्का म्हणाल्या. “कोनवडीची माणसं परवापासून बाहेर बसलीत.”

अभिनंदन बाकाशी गेला. या वेळी तो उभा राहिला नाही. तानूबाईंच्या शेजारी थोडी जागा होती, तिथं बसला.

“मावशी, एक विचारायचंय. कोनवडी आणि कोनवडी वसाहत, एकच ना?”

“एक कसं आसंल?” तानूबाई म्हणाल्या. “धरणाचं पाणी आलं तवा खालच्या आळीला सरकारनं वसाहत बांदून दिली. ती तिकडं हायवेला, लांब. आमी वरच्या अंगाला हुतो, आमचं काय बुडालं न्हाई. आमी डोंगरावरच ऱ्हायलो.”

“म्हणजे दोन गावं?”

“दोन न्हाई तर काय! वसाहतीत आता आमचं कोन हाय? कशापायी इचारतोस?”

“आश्रमाची जीप ऑपरेशननंतर औषध घेऊन घरी येते ना... ती कुठं पाठवायची, ते बघत होतो.”

“बगा बगा,” बाकावरचा दुसरा म्हातारा म्हणाला. “नायतर जायची हायवेला, आन आमी बसू वर डोळं बांदून.”

सगळे हसले. अभिनंदनला हसता आलं नाही. एवढं विचारायला त्याला दोन मिनिटं लागली होती. सोमवारी बारा वाजून दहा मिनिटांनीही दोनच लागली असती.

“मावशी,” तो म्हणाला, “नेट स्लो नव्हतं. तुमचे कागद माझ्यामुळे अडले होते. माझं चुकलं.”

तानूबाईंनी आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला. तो त्याच्या गुडघ्यावर पडला.

“आसूं दे,” त्या म्हणाल्या. “आता उगड.”

तो टेबलाशी आला. शेवटच्या ओळीखाली त्यानं ‘मागे घे’ एवढंच लिहिलं.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं.

नोंदणीच्या खिडकीतून फरीदाचा आवाज आला, “सर! उघडला! तानूबाईंचा उघडला! सगळे उघडले!”

लॉग शंभरात सत्त्याण्णव भरलेला होता. अभिनंदन बघत असतानाच आकडा पाचावर आला. तीन दिवसांचं ओझं सर्व्हरनं असं खाली ठेवलं. कुणी पुसलं नाही, कुणी उडवलं नाही.

फाईल मात्र बाहेरून होती तेवढीच धिप्पाड दिसत होती. अभिनंदनचे हात शिवशिवले. आता रिकामी आहे, आता आकसेल.

“काय करतोस?”

आक्का मागे येऊन उभ्या होत्या. कळीच्या आवाजावरून त्यांना कळलं असावं.

“फाईल लहान करतोय. आत काही नाही आता.”

“आज सत्तर माणसांच्या नोंदी व्हायच्यात ना?”

“हो.”

“घरात पाहुणे यायचेत, आणि तू भिंती आत ओढायला निघालास.”

त्यानं हात काढून घेतला.

डब्यातल्या सात चिठ्ठ्या त्यानं फरीदाकडून मागून घेतल्या आणि स्वतः बसून चढवल्या. उजवा डोळा, डावा डोळा, लेन्सचा आकडा. प्रत्येक आकडा दोनदा वाचला. प्रत्येक कागद संपला की ‘पक्कं कर’ म्हटलं, आणि ते झालं हे पाहिल्याशिवाय पुढचा कागद उघडला नाही. खुर्चीतून तो एकदाही उठला नाही. मधेच फोन वाजला, तो वाजू दिला.

सव्वाला ऑपरेशनची यादी छापून बाहेर आली. सत्तर नावं, प्रत्येकापुढे वेळ.

आणि अगदी तळाला एक्काहत्तरावं नाव होतं. त्याच्यापुढे वेळ नव्हती. नोंदणीची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती आणि शेरा होता, ‘प्रतीक्षेत’.

अभिनंदननं ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

यादी फरीदाकडे देऊन, वाटेत डॉक्टरांकडे डोकावून तो आक्कांच्या खोलीत आला. टोपलीत तीस चादरी तशाच होत्या. त्यानं काही न बोलता वरची उचलली आणि दोन कोपरे आक्कांच्या हातात दिले.

ते घड्या घालू लागले. ताण, जुळव, पुढे ये, मिळव. पहिल्या चार-पाच चादरींना त्याच्या कडा वाकड्या गेल्या, मग सरळ जायला लागल्या. पंधराएक झाल्या. वीस झाल्या. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि पावणेदोनच्या सुमाराला टोपली रिकामी झाली.

शेवटच्या चादरीला अभिनंदन मधेच थांबला. कोपरे त्याच्या हातात होते.

“आक्का, यादीत एक नाव दोन वर्षं उघडंच आहे.”

“कुणाचं?”

“गौरव्वा हुक्केरी.”

पलीकडच्या बंद खोलीतून सर्व्हरची बारीक घरघर ऐकू येत होती. आक्का ती कान देऊन ऐकत होत्या, रोज ऐकायच्या तशा.

“सिस्टर थेंब घेऊन बसल्यात,” तो हळूच म्हणाला. “डॉक्टरांनी लेन्स काढून ठेवलीय. मी विचारून आलो.”

“आणि सर्व्हर?”

“मी आहे.”

“फोन आला तर?”

“मी आहे, आक्का.”

आक्का चार पावलं चालत आल्या. आपले कोपरे त्यांनी त्याच्या कोपऱ्यांना मिळवले आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्या डोळ्यांना त्याचं तोंड किती दिसत होतं, देव जाणे. पण बराच वेळ बघत राहिल्या.

किल्ली मागायची आहे, हे अभिनंदन त्या दिवशी पार विसरून गेला होता.

आक्कांनी कमरेला हात घातला. किल्ली सोडवली. त्याच्या हातात चादर होती, म्हणून ती त्यांनी चादरीवर ठेवली.

“धर,” आक्का म्हणाल्या. “आलेच.”